भाकीत चुकतं तिथे तारीख सापडते

जून २०२५मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या गटाने मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचं वय नव्याने मोजून जाहीर केलं. त्यांत बायबलमधल्या दानीएल या पुस्तकाचा एक तुकडा होता. अभ्यासक त्याला ४क्यू११४ म्हणतात. त्याचा काळ निघाला इ.स.पू. २३० ते १६०. या एका आकड्यावरून दोन अगदी उलट गोष्टी सांगता येतात. श्रद्धावान म्हणतात, विज्ञानाने दानीएलची भाकितं खरी ठरवली. विरोधक म्हणतात, विज्ञानाने ती बनावट ठरवली. माझं म्हणणं असं की दोघांनीही वय मोजणाऱ्या यंत्राकडून नको ती अपेक्षा केली आहे, आणि भाकीत तपासायची खरी जागा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे.

आधी वाद कशावरून आहे ते पाहू. दानीएलची गोष्ट घडते इ.स.पू. सहाव्या शतकात, बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलॉनमध्ये. तिथल्या नबुखद्रेस्सर राजाने यरुशलेमहून धरून नेलेल्या तरुणांपैकी हा एक. पुस्तकाच्या उत्तरार्धात त्याला दृष्टान्त होतात आणि अकराव्या अध्यायातला दृष्टान्त वाचताना खरोखर थक्क व्हायला होतं. ‘उत्तरेचा राजा’ आणि ‘दक्षिणेचा राजा’ यांच्यातल्या लढाया, तह, सोयरिकी एकामागून एक येतात. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या साम्राज्याचे तुकडे झाले. सीरियात सेल्युकिड घराणं आणि इजिप्तमध्ये टॉलेमी घराणं बसलं. त्यांचा इतिहास शेजारी ठेवला की ओळीला ओळ जुळते. इ.स.पू. २१७ची राफियाची लढाई आहे, इजिप्तच्या राजाला दिलेली सीरियाची राजकन्या आहे. इ.स.पू. १६८मध्ये इजिप्तवर चालून गेलेल्या सीरियाच्या अँटिओकस चौथ्या या राजाला रोमनांनी माघार घ्यायला लावली, तीही आहे आणि पुढच्याच वर्षी त्याने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, तेही आहे. चारशे वर्षं आधी हे कुणी लिहिलं असेल, तर भौतिकशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहावी लागतील. म्हणून पहिला प्रश्न एकच: हे लिहिलं कधी?

इथे कार्बन-१४ येतो: कार्बनचा हा एक प्रकार काळाबरोबर ठरावीक गतीने घटतो, आणि तो किती उरला यावरून वस्तूचं वय काढतात. या पद्धतीच्या मी प्रेमात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळतात, तेव्हा न्यूट्रॉन सुटतात. असा एखादा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणुकेंद्रकात घुसला की एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि कार्बन-१४ तयार होतो. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाडांत, झाडांतून बकऱ्या-मेंढ्यांत जातो. जिवंत शरीरात त्याचं प्रमाण साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक, एवढंच असतं. प्राणी मेला की नवा कार्बन यायचा थांबतो आणि आतला कार्बन-१४ घटत जातो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो. सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या कातड्यात तो मूळच्या साडेशहात्तर टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. आता बारकावा पाहा: वयात एका वर्षाचा फरक म्हणजे या प्रमाणात आठ हजारांत एक भाग इतकाच फरक. पंचवीस वर्षांच्या आत अचूक वय हवं असेल, तर मोजमापात हजारात तीन भागांपेक्षा मोठी चूक चालत नाही. आजची यंत्रं अणूंना वेग देऊन, चुंबकाने वजनाप्रमाणे वेगळे करून ते थेट मोजतात, म्हणून काही मिलिग्रॅम चर्मपत्रात काम भागतं.

या हस्तलिखितांच्या बाबतीत एक अडचण अशी होती, जिची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. १९५०च्या दशकात पुसट झालेली अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही अभ्यासकांनी चर्मपत्रांना एरंडेल तेल लावलं होतं. एरंडेल म्हणजे त्याच काळात वाढलेल्या एरंडाच्या बियांमधला ताजा कार्बन. नमुन्यातला फक्त एक टक्का कार्बन असा ताजा असेल, तर गणिताने वय पंचवीस-एक वर्षांनी कमी दिसतं. पाच टक्के असेल, तर सव्वाशे वर्षांनी. दानीएलच्या तुकड्याचा २३० ते १६० हा अख्खा पट्टा तर जेमतेम सत्तर वर्षांचा! ग्रोनिंगनच्या गटाने आधी हे तेल रसायनांनी काढून टाकलं आणि मगच मोजणी केली. माझ्या मते या कामाचं खरं श्रेय या धुलाईला आहे. बातम्यांत मात्र गाजला तो त्यांचा ‘इनॉक’ नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक-प्रोग्रॅम. तो अक्षरांच्या वळणावरून काळ सांगतो आणि त्याच्या अंदाजात सरासरी तीसेक वर्षांची चूक असते.

एवढ्याने भागत नाही. हवेतला कार्बन-१४ सगळ्या शतकांत सारखा नव्हता. सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना कमी-जास्त अडवतात, त्यामुळे उत्पादन बदलतं. म्हणून ज्यांचं वर्ष पक्कं माहीत आहे अशा झाडांच्या वाढवलयांतला कार्बन-१४ मोजून एक वक्र तयार केलेला आहे. कच्चं वय त्या वक्रावर ठेवून खरं वर्ष वाचायचं. दुर्दैवाने इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकाच्या भागात हा वक्र सरळ उतरत नाही. मध्येच उलटा वळतो. परिणामी एकाच मोजमापाला दोन उत्तरं मिळू शकतात, एक चौथ्या शतकातलं आणि तिसऱ्याच्या सुरुवातीचं, दुसरं तिसऱ्याच्या अखेरीपासून दुसऱ्यापर्यंतचं. त्यातलं कोणतं घ्यायचं हे लिपीच्या वळणावरून ठरवावं लागतं. २३० ते १६० हा पट्टा असा, निवड करून, हाती येतो.

आणि तो पट्टा सांगतो काय? जनावर कधी मेलं, एवढंच. मजकूर कधी रचला गेला ते कातड्याला ठाऊक नसतं. प्रत इ.स.पू. २१० मधली असेल, तर मंदिर भ्रष्ट होण्याचं वर्णन घटनेच्या चाळीसेक वर्षं आधी लिहिलेलं ठरेल. १६२ मधली असेल, तर ती जवळजवळ समकालीन नक्कल. दोन्ही शक्यता त्याच पट्ट्यात बसतात. या एका मोजमापाच्या जोरावर कुणीही जिंकलेलं नाही.

मग निकाल कशाने लागतो? मजकूर कुठे चुकतो त्यावरून. इ.स. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने हे ओळखलं होतं. त्याचे ख्रिस्ती धर्माविरुद्धचे ग्रंथ पुढे सम्राटांच्या हुकमाने जाळले गेले. त्याचा युक्तिवाद आपल्यापर्यंत पोचला तो जेरोम या त्याच्या ख्रिस्ती विरोधकाच्या लिखाणातून. अकराव्या अध्यायाच्या चाळिसाव्या वचनापासून पुढे अँटिओकस पुन्हा इजिप्तवर स्वारी करतो, तिथली संपत्ती लुटतो, मग समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तंबू ठोकतो आणि तिथेच त्याचा अंत होतो. प्रत्यक्षात तशी स्वारी झालीच नाही. अँटिओकस इ.स.पू. १६४च्या अखेरीस पूर्वेला, इराणच्या मुलुखात मेला. म्हणजे १६७पर्यंतचा तपशील अचूक आणि १६४ची मोठी घटना साफ चुकलेली. लेखक या दोहोंच्या मध्ये, १६५च्या आसपास बसून लिहीत होता, हे सर्वांत साधं स्पष्टीकरण. याला जोड अशी की ज्या सहाव्या शतकात दानीएल राहत होता म्हणतात, त्याच काळाची माहिती ढिली आहे. बाबेल जिंकणारा ‘मेदी दारयावेश’ बाबेलच्या नोंदींत कुठेच नाही. शहर जिंकलं ते इराणच्या कोरेशाने, म्हणजे सायरस राजाने.

श्रद्धावान वाचक म्हणतील, चाळिसाव्या वचनापासून पुढचं जगाच्या अंताबद्दल आहे, ते अजून घडायचंय. मजकुरात तिथे राजा बदलल्याची कसलीही खूण नाही. आणि जे चुकलं ते भविष्यात ढकलत गेलं, तर कोणतंही भाकीत कधीच चुकणार नाही. याच पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं करून अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख काढली होती. हजारो लोक वाट पाहत राहिले. दिवस उलटल्यावर त्यांतल्या काहींनी ठरवलं की घटना घडली, पण स्वर्गात.

आपल्याकडेही हे आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापलेल्या भविष्यपुराणात अकबर आहे, इंग्रज आहेत, राणी व्हिक्टोरियाही आहे. १९४७ नाही. दानीएलच्या अकराव्या अध्यायाला लावलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि एका धर्मग्रंथाला लावायचा नियम दुसऱ्याला न लावणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

खरोखर घटनेच्या आधी लिहिलेलं भाकीत बायबलमध्ये आहे का? आहे, आणि ते मला दानीएलपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, सव्विसाव्या अध्यायात म्हटलंय की नबुखद्रेस्सर सोर हे बंदर जिंकेल, त्याच्या घोड्यांच्या टापांखाली रस्ते तुडवले जातील, शहराचा उघडा खडक होईल आणि ते पुन्हा कधी बांधलं जाणार नाही. त्याने तेरा वर्षं वेढा घातला. बेटावरचं शहर त्याला लुटता आलं नाही. पुढे एकोणतिसाव्या अध्यायात, साधारण इ.स.पू. ५७१च्या तारखेने, तोच संदेष्टा लिहितो की सैन्याचे खांदे सोलवटले, पण राजाला सोरेपासून काही मोबदला मिळाला नाही. त्याऐवजी, परमेश्वर म्हणतो, मी त्याला मिसर, म्हणजे इजिप्त, देतो. तेही तसं झालं नाही. मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल असं त्याच अध्यायात आहे, आणि नेमक्या त्या दशकांत अमासिस राजाच्या हाताखाली तो देश भरभराटीला आला होता. सोर अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२मध्ये सात महिन्यांच्या वेढ्यानंतर, समुद्रात भराव टाकून घेतलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. प्रेषित पौल तिथल्या शिष्यांकडे सात दिवस राहिल्याचं बायबलच सांगतं. लेबनॉनमध्ये ते शहर आजही नांदतं आहे.

नंतर कुणी हे रचलं असतं, तर चूक ठेवली नसती. म्हणून ही चूक मजकुराच्या जुनेपणाचा उत्तम पुरावा आहे. यहेज्केलने खरंच धोका पत्करून, नाव घेऊन, भविष्य सांगितलं होतं. त्याच्या परंपरेने ते दडपलं नाही याबद्दल मला आदर वाटतो. त्या परंपरेकडे कसोटीही होती. अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती परमेश्वराने सांगितलेली नव्हे. यिर्मया या संदेष्ट्याच्या काळी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने तर मुदतच दिली होती: दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. मोडलं नाही.

नाव, मुदत, आधीची नोंद आणि चुकांची मोजणी, एवढं असलं की कोणतंही भाकीत तपासता येतं. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी अशीच घेतली. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, नाणं उडवून मिळतील तेवढीच.

दानीएलबाबतही परीक्षा अजून खुली आहे, आणि ती दोन्ही बाजूंची आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत या पुस्तकाच्या एकूण आठ हस्तलिखितांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांतलं एखादं अकराव्या अध्यायाचा मजकूर असलेलं, तेल नीट काढलेलं आणि वक्राच्या सरळ भागात पडणारं कातडं निःसंशय इ.स.पू. २०० च्या आधीचं निघालं, तर १६५चा निष्कर्ष माझ्यासकट सर्वांना सोडावा लागेल.