एसटीपीचे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचे) पाणी बागेला द्यायचंय? आधी सोसायटीच्या नावावर संमती घ्या

दोनशे फ्लॅटची सोसायटी धरा. घरटी 5 माणसं, माणशी रोज 135 लिटर पाणी. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे रोज 1 लाख 8 हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर! बागेसाठी टँकर मागवण्याआधी कमिटीने हा हिशेब मांडावाच.

एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर एसटीपी चालवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, म्हणजे ‘कन्सेंट टू ऑपरेट’, लागते. सुरुवातीला ती बिल्डरच्या नावावर असते. आमच्याकडे एसटीपीच्या किल्ल्या हातात आल्या, पण कागद बिल्डरच्याच नावावर राहिला आणि मुदत कधी संपली ते कुणालाच कळलं नाही. ताबा घेतानाच ती फाइल मागून घ्या.

संमती सोसायटीच्या नावावर घेण्याचा अर्ज मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. जुनी संमती, पर्यावरण मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं नोंदणीपत्र आणि सही कोण करणार याचा कमिटीचा ठराव स्कॅन करून ठेवा. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचा दाखला हवा. सोबत पाण्याचा ताळेबंद (किती पाणी येतं, किती कुठे जातं) आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल.

खरी मेख या अहवालात आहे. मंडळाच्या अटीनुसार बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, साधारण 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत लागतो. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे पंखे) बंद ठेवले की टाकीतले जिवाणू मरतात, पाणी काळपट होतं, वास सुटतो. मग रहिवासी म्हणतात, ‘बागेला हे पाणी नकोच.’ बाटलीत भरलेला नमुना उजेडात धरून पाहा. गढूळ दिसला तर आधी ऑपरेटरशी बोला, अर्ज नंतर.

संमतीत सहसा अट असते: 60 टक्के पाणी फ्लशिंगसारख्या कामांना, उरलेलं बागेला. बागेची लाइन पिण्याच्या लाइनपासून पूर्ण वेगळी ठेवा, नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ असं ठळक मराठीत लिहा. मुलं खेळतात तिथे फवारा नको, ठिबक बरं.

अर्जानंतर क्षेत्र अधिकारी पाहणीला येतात. त्या दिवशी ऑपरेटर आणि लॉगबुक हजर हवं. जल अधिनियम 1974 नुसार 4 महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं मानलं जातं, पण त्या भरवशावर बसू नका, पाठपुरावा करा. संमती मिळाल्यावर दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म 5, भरायचं असतं. ही तारीख सेक्रेटरीच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.