आनुवंशिक परिघीय चेताविकारांतील प्रतिकारसंस्थेचा सहभाग

हातापायांच्या चेतांचा (नसांचा) जनुकदोषामुळे होणारा ऱ्हास प्रतिकारपेशींच्या हस्तक्षेपाने वाढण्याची प्रक्रिया. या विकारांत शार्को-मारी-टूथ विकार सर्वाधिक आढळतो (सुमारे २,५०० जणांत एक). त्याचे वर्णन १८८६ मध्ये झाले.

मूळ दोष बहुधा श्वान पेशीत, म्हणजे चेतातंतूभोवती मायलिनचे वेष्टण तयार करणाऱ्या पेशीत असतो. या विकाराच्या १ए प्रकारात १७ व्या गुणसूत्रावरील पीएमपी२२ जनुकाची एक प्रत जास्त असते. १बी मध्ये पी-झीरो हे मायलिन-प्रथिन, तर एक्स१ मध्ये कॉनेक्सिन ३२ सदोष असते. उंदरांवरील प्रयोगांत दिसते की अशी श्वान पेशी एमसीपी-१ हे संदेशद्रव्य सोडते आणि त्याच्या मागावर मॅक्रोफेज (गिळून टाकणाऱ्या प्रतिकारपेशी) चेतेत जमतात. चेतेतल्याच तंतुजनक पेशी (आधार-ऊती बनवणाऱ्या) सीएसएफ-१ हे दुसरे संदेशद्रव्य स्रवून त्यांना चेतवतात. मग मॅक्रोफेज तंतूच्या नळीत शिरतात आणि वरकरणी धड दिसणारे मायलिनही सोलून गिळतात. टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशीही यात सामील असतात: पी-झीरो जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत परिपक्व लसीकापेशी (ज्यांत टी पेशी मोडतात) तयारच होऊ दिल्या नाहीत, तर चेतांची हानी कमी होते. सीएसएफ-१चा ग्राही (पेशीवरील तो संदेश स्वीकारणारे प्रथिन) अडवणाऱ्या औषधाने १बी व एक्स१ सदृश उंदरांना फायदा झाला, १ए सदृश उंदरांना नाही. त्यामुळे सगळ्या प्रकारांना एकच मोजमाप लावणे चूक ठरते.

रुग्णाच्या बाबतीत खरा धोका वेगळाच आहे. हा विकार वर्षानुवर्षे संथ सरकतो. ज्याचे फक्त पाऊल लोंबत होते, त्याला दोन-तीन महिन्यांत खुर्चीतून उठता येईनासे झाले, तर तो दोष जनुकाच्या माथी मारू नये. आधी औषधे तपासावीत, कारण व्हिंक्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाने १ए मध्ये तीव्र लकवा येऊ शकतो. मग सीआयडीपी या प्रतिकारसंस्थेमुळे होणाऱ्या चेतांच्या दाहजन्य विकाराची भर पडली आहे का, ते पाहावे. १ए मध्ये चेतावहन (चेतेतून संदेश जाण्याचा वेग) सगळीकडे सारखेच मंद असते, हातात सहसा सेकंदाला ३८ मीटरपेक्षा कमी. सीआयडीपीत ते ठिकठिकाणी वेगळे असते आणि मध्येच खंडित होते. पाठीच्या कण्यातून तपासणीसाठी काढलेल्या पाण्यातले प्रथिन मात्र दोन्हींत वाढू शकते, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नये.

सीआयडीपी ठरल्यास इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) शिरेतून, दर किलो वजनामागे एकूण २ ग्रॅम, २ ते ५ दिवसांत विभागून देतात. स्टेरॉइड हा दुसरा पर्याय. सरसकट प्रत्येक रुग्णाला ही औषधे देण्यात अर्थ नाही, कारण मूळ जनुकदोष त्यांनी बदलत नाही. उपचाराआधी व नंतर पकडीची ताकद आणि १० मीटर चालायला लागणारा वेळ मोजून लिहून ठेवावा; नुसत्या ‘बरे वाटते’वर पुढचा डोस ठरवू नये.