डिस्क घरी नेण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या सिनेमा-मालिकांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कच्या दुकानात हा प्रश्न रोज कुणीतरी टाकतंच : "आता मोबाईलवर सगळं दिसतंय, डिस्क कोण घेतंय?" घेतात की. परवापर्यंत ॲपवर दिसणारा सिनेमा अचानक गायब झाला म्हणून येतात. आजोबांना जुनी मालिका जाहिरातींशिवाय बघायची असते म्हणून येतात. काही जण नुसती कव्हरं चाळायला येतात, चहा त्यांनाही मिळतो.

हे पत्रक मुख्यतः डिस्क नेऊन दुसऱ्या दिवशी "चित्र बरोबर नाही" म्हणत परत येणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, घोळ दुसरीकडंच असतो.

मूळ कशावर काढलंय?

डिस्क घेताना पहिला प्रश्न हा विचारा. किंमत नंतर.

जुना सिनेमा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेला असतो आणि त्या फिल्ममध्ये बारकावा भरपूर असतो. निगेटिव्ह नीट राखली असेल, तर ती नव्यानं स्कॅन करून ब्लू-रे काढता येते. डीव्हीडीवर चित्राच्या ५७६ ओळी बसतात, ब्लू-रेवर १०८०. अशा सिनेमाला ब्लू-रेचे जादा पैसे मोजा, साडीचा काठसुद्धा वेगळा दिसेल.

दूरदर्शनच्या जमान्यातल्या बऱ्याच मालिकांचं तसं नाही. त्या व्हिडिओ टेपवर काढलेल्या. टेपवर मुळात जेवढं उतरलं तेवढंच, त्याहून जास्त आणायचं कुठून? त्या मालिकांची डीव्हीडी घ्या आणि निवांत बघा. ब्लू-रे आहे का, असं विचारलंत तर आम्ही 'नको' म्हणू. त्यात आमचंच नुकसान आहे, पण नंतर तुमचं तोंड बघायचं असतं. काही मालिका फिल्मवरही काढल्या गेल्या, त्यांना अर्थात सिनेमाचाच नियम.

आता आपल्या गावच्या सिनेमाबद्दल. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा बोलपट कोल्हापुरातच तयार झाला. ती डिस्क आम्ही अभिमानानं ठेवतो, पण चित्रावर रेघा दिसतात आणि आवाजात खरखर आहे म्हणून ती परत येते. अहो, त्या काळच्या नायट्रेट फिल्म भडकन पेट घेणाऱ्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटची कितीतरी रिळं गेली. आज आपल्या हाती येतं ते बहुधा प्रतीवरून काढलेल्या प्रतीचं चित्र असतं. त्या रेघा डिस्कवरच्या नाहीत, बदलून दिली तरी दुसरीवर त्याच असणार.

बाजूचे काळे पट्टे

राजारामपुरीतल्या एक काकू तक्रार घेऊन आल्या, "नायिका एवढी जाड कशी दिसतीय?" टीव्ही रुंद, सिनेमा चौकोनी. काकांनी रिमोटवरून चित्र ताणून पडदा भरून टाकला होता. काकांचं म्हणणं, पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत, अर्धा कशाला बघायचा?

जुने सिनेमे आणि मालिका साधारण चारास तीन मापाच्या असतात. आजचा टीव्ही सोळास नऊ. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणजे चित्र बरोबर लागलं. रिमोटवर 'आस्पेक्ट' किंवा 'पिक्चर साइज' असं बटण असतं, तिथं ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा.

तिथंच असताना आणखी एक करा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणा आणि 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मध्येच स्वतःची चित्रं घुसडतो, मग भव्य सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

गाण्याचे माहितीपट : आधी आवाज

"चित्र येतंय, आवाज नाही." यात बहुतेकदा डिस्कवरचा आवाज डीटीएस नावाच्या दाबून भरलेल्या पद्धतीचा असतो आणि तो टीव्हीला उलगडता येत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' (म्हणजे साधा, उलगडलेला आवाज) करा, झालं. घरी दोनच स्पीकर असतील तर डिस्कच्या मेनूतून ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा. नाहीतर मधल्या स्पीकरसाठी ठेवलेला गायकाचा आवाज दबल्यासारखा वाटतो. बऱ्याच टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागं, भिंतीकडं तोंड करून असतात. माळ्यावर पडलेला जुना ॲम्प्लिफायर खाली काढा. प्लेअरला मागं लाल-पांढरी पिन असेल तर साधी वायर पुरते.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेली मैफल आम्ही दुकानात अधूनमधून लावतो. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवतात, साथीला अल्लारखाँ, आणि जुळवणी थांबताच समोरचे लोक टाळ्या वाजवतात! ती जुळवणी टीव्हीच्या स्पीकरवर ऐका, मग ॲम्प्लिफायरवर ऐका. पुढं आम्हाला काही सांगावं लागणार नाही.

देवल क्लबच्या मैफिली न चुकवणारे एक गृहस्थ मात्र वेगळीच तक्रार घेऊन आले. डीव्हीडीवरच्या माहितीपटात पट्टी चढलीय म्हणाले, आणि सोबत पेटी घेऊन आले. त्यांचं खरं निघालं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-डीव्हीडीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. २४ चित्रांची फिल्म त्यात बसवताना बऱ्याचदा सरळ पळवतात, चार टक्क्यांनी. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि सूर वर चढतो, पेटीवरची काळी एक पांढरी दोनकडं सरकते. बोलण्यात हे कळत नाही, गाण्यात तयार कानाला कळतं. ब्लू-रेवर फिल्म २४ नेच चालवता येते. तेव्हा फिल्मवर काढलेला गाण्याचा माहितीपट असेल तर शक्यतो ब्लू-रे.

बाहेरून आणलेली डिस्क

डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालेल ते तिच्या 'रीजन'वर ठरतं. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेसाठी आपण सी, अमेरिका ए, युरोप बी. कव्हरच्या मागं पृथ्वीगोलासारखी छोटी खूण असते, ती बघा. 'ऑल' किंवा एबीसी लिहिलं असेल तर चिंता नाही. फोर-के (ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या) डिस्कला रीजनची भानगड नाही, पण तिला फोर-केचाच प्लेअर लागतो. भाच्यानं अमेरिकेतून प्लेअर आणला असेल तर पिनेला नुसता ॲडॅप्टर लावून चालू करू नका. मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो एका क्षणात जळतो. आमच्या काउंटरखाली असे दोन पडून आहेत. त्यातला एक आमचाच.

पाऊस, बुरशी आणि पूर

कोल्हापूरचा पावसाळा डिस्कला मानवत नाही. कागदी पाकिटात ठेवलेल्या डिस्कवर जुलैपर्यंत पांढरी बुरशी चढते. प्लॅस्टिकच्या डबीत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून नको.

पुसायचं झालं तर मऊ सुती कापड, आणि मधून कडेकडं सरळ. गोल गोल पुसू नका, कारण माहिती गोल फिरत लिहिलेली असते आणि गोल ओरखड्यात तिचा सलग तुकडा जातो. टूथपेस्ट लावायचा उपाय कुणी सांगितला असेल तर तो त्यांच्याच डिस्कवर करायला सांगा. सीडीची छापील बाजू जास्त जपा. माहितीचा थर त्या बाजूला, पातळ लाखेखालीच असतो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर शाहूपुरीतून एक पोतंभर डिस्क आल्या, गाळानं माखलेल्या. घरच्यांनी त्यातल्या काही कोरड्या फडक्यानं पुसल्या होत्या, त्या गेल्या. बाकीच्या आम्ही नळाखाली धरून गाळ वाहू दिला, भांड्याच्या पातळ साबणात बुडवून काढल्या आणि सावलीत ताटाळ्यात उभ्या वाळवल्या. बऱ्याचशा लागल्या. कव्हरं मात्र वाचली नाहीत.

आमच्याकडचे नियम

डिस्क उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली सीडी-डीव्हीडी खालून चंदेरी किंवा सोनेरी असते, घरी 'बर्न' केलेली बहुधा जांभळट. बाजारातल्या सिनेमाची जांभळट डिस्क आम्ही विकत नाही, विकतही घेत नाही, कॉपीही करून देत नाही. तुमच्या लग्नाची, बारशाची व्हीएचएस कॅसेट मात्र जरूर आणा. ती डिस्कवर उतरवून देतो आणि पेनड्राइव्हवरही देतो, कारण बर्न केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं उतरतो. कॅसेटला बुरशी असेल तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, तशीच आणा.

डिस्क लागली नाही तर आठ दिवसांत डबीसकट घेऊन या. इथं दोन प्लेअरवर लावून बघू, तुमच्यासमोर. सोमवारी दुकान बंद.