बिल्ला वेगळा, पदक वेगळे

निवृत्त सैनिकाच्या सत्काराचे वृत्त असो की हुतात्म्याला वाहिलेली श्रद्धांजली असो, ‘छातीवर बिल्ले झळकत होते’ हे वाक्य त्यात हमखास सापडते आणि दर वेळी मला लाल पेन शोधावेसे वाटते. झळकत असतात ती पदके. बिल्ला मिरवण्यासाठी नसतोच. तो ओळख पटवण्यासाठी असतो.

पदक सर्वांच्या परिचयाचे आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. बिल्ल्याची मात्र उपेक्षा होते, कारण तो रोज दिसतो. रेल्वे स्थानकावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, पोलीस शिपायाचा बक्कल नंबर आणि एसटीच्या वाहकाचा बिल्ला ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बसमध्ये सुट्या पैशांवरून वाद झाला, तर प्रवासी वाहकाचे नाव विचारत बसत नाही, बिल्ल्याचा क्रमांक टिपून घेतो. बिल्ल्याचे प्रयोजन एवढ्यात स्पष्ट होते. पट्ट्यावर ‘चपरास’ नावाची पितळी पाटी लावणारा तो चपराशी. पाटी केव्हाच गेली, शब्द राहिला.

धातू कोणता, आकार केवढा, टाचणीने लावायचा की फितीला अडकवायचा, हे भेद वरवरचे आहेत आणि त्यांवर विसंबल्यास फसगतच होते. खरा भेद काळाचा आहे. बिल्ला ‘आज हा कोण आहे’ ते सांगतो, तर पदक ‘याने काय केले’ ते सांगते. म्हणून पद गेले की बिल्ला उतरवावा लागतो. केलेले कृत्य मात्र कोणालाही परत घेता येत नाही, त्यामुळे पदक घरात राहते.

रामा राघोबा राणे यांचे उदाहरण घ्यावे. खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे हे अधिकारी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली दूर करत रणगाड्यांना वाट करून देत होते, तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते, म्हणजे खांद्यावर एकच तारा होता. सैन्यातून ते निवृत्त झाले मेजर म्हणून, आणि मेजरच्या खांद्यावर सिंहमुद्रा असते. खांद्यावरचे चिन्ह असे बढतीबरोबर बदलत गेले, परंतु त्या कामगिरीसाठी मिळालेले परमवीर चक्र तेच राहिले: सावित्री खानोलकरांनी रेखाटलेले, जांभळ्या फितीचे, कांस्याचे. मेजर झाले म्हणून ते मोठे झाले नाही आणि निवृत्तीनंतर ते जमा करावे लागले नाही.

याहून नेमकी कसोटी हवी असेल, तर मरणोत्तर हा शब्द लावून पाहावा. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा यांना हा सन्मान मरणोत्तरच मिळाला. मरणोत्तर बिल्ला मात्र कोणी दिल्याचे ऐकिवात नाही, कारण ज्याला आता पहाऱ्यावर उभे राहायचे नाही त्याची ओळख कोणाला पटवायची?

आणखी एक घोटाळा डाव्या खिशावरच्या रंगीत पट्ट्यांचा. त्यांनाही सर्रास बिल्ले म्हटले जाते, पण त्या पदकांच्या फिती आहेत. रोजच्या गणवेशावर संपूर्ण पदक लावत नाहीत, त्याच्या जागी फीत लावतात, एवढेच.

सीमारेषेवरचे एक प्रकरण मात्र प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, ते म्हणजे प्रावीण्याची चिन्हे. छत्रीधारी सैनिकाचे पंख खडतर प्रशिक्षणानंतरच मिळतात, त्यामुळे ते बक्षिसासारखे भासतात. तरीही मी त्यांना निःशंकपणे बिल्ल्यांत बसवतो, कारण ते एखाद्या प्रसंगाचा गौरव करत नाहीत. हा माणूस विमानातून उडी मारू शकतो, एवढी चालू वर्तमानकाळातली माहिती देतात. 5 जून 2019 रोजी साउदॅम्प्टनच्या सामन्यात महेंद्रसिंह धोनीच्या हातमोज्यांवर बलिदान चिन्ह दिसले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला हरकत घेतली, तेव्हा चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत ‘बलिदान पदक’ हाच शब्द माझ्या कानांवर पडत होता. ते पॅरा स्पेशल फोर्सेसचे चिन्ह आहे, पदक नव्हे. हातमोज्यांवर ते असावे की नसावे यावर तावातावाने भांडणाऱ्यांपैकी एकालाही हे विचारावेसे वाटले नाही की पदक असते, तर ते हातमोज्यावर शिवले कसे असते?