त्रेचाळीस भागिले आठ

जुन्या विलीज जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचला. त्याआधी बाकीच्या चाकांना दगड पक्के लावा, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ती ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. आपल्याला तोच शाफ्ट फिरवायचाय, म्हणून हँडब्रेक सोडायचा आणि गियर न्यूट्रलला ठेवायचा. शाफ्टवर खडूची एक रेघ, टायरवर एक. आता उचललेलं चाक हाताने सावकाश दोन फेरे फिरवा आणि खाली वाकून शाफ्टचे फेरे मोजा. पाच पूर्ण होऊन रेघ एकतृतीयांशाच्या जराशी पुढे थांबली, तर आत ५.३८ रेशोचा क्राऊन-पिनियन आहे: शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक (पिनियन) ५.३८ फेरे घेतं तेव्हा ॲक्सलमधलं मोठं (क्राऊन) एक फेरा घेतं. पाचवा फेरा पुरा व्हायला थोडा कमी पडला, तर ४.८८चा.

चाकाचे फेरे दोन का? दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं म्हणून. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे क्राऊनचे फेरे म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. एका चाकाचे शून्य, दुसऱ्याचे दोन, म्हणजे क्राऊनचा एक. वळणावर आतलं चाक मागे राहतं, बाहेरचं पुढे पळतं, तेव्हाही हाच हिशेब चालतो.

५.३८ हा अपूर्णांक मुद्दाम ठेवलेला आहे. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८, भागाकार ५.३७५. क्राऊनला ४० दात दिले असते तर रेशो सरळ ५ आला असता, पण मग पिनियनचा एकेक दात जन्मभर त्याच पाच दातांशी घासत राहिला असता. ४३ आणि ८ यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ४.८८ म्हणजे ३९ भागिले ८. तिथेही तीच युक्ती. यंत्रशाळेतलं इतकं देखणं अंकगणित मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता. तिला ताफ्याबरोबर रस्त्यावरून वेगाने पळायचं होतं. १९४५मध्ये तीच जीप सीजे-२ए या नावाने शेतकऱ्यासाठी आली तेव्हा इंजिन जवळपास तेच राहिलं, पण रेशो ५.३८ झाला आणि ट्रान्स्फर केसचा लो गियर १.९७वरून २.४६वर गेला. पहिला गियर, लो आणि क्राऊन-पिनियन यांचा गुणाकार एमबीत साधारण २५.६ येतो, सीजे-२एमध्ये ३७. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना एमबी या गियरमध्ये ताशी सुमारे १० किलोमीटर चालेल, सीजे-२ए जेमतेम ७. नांगर ओढायला हा फरक मोलाचा आहे. मोबदला मोठ्या रस्त्यावर द्यावा लागतो: टॉप गियरमध्ये ताशी ८० गाठायला ५.३८च्या जीपचं इंजिन ३२००च्या वर फिरतं. महिंद्राने मुंबईत जुळणी करून आपल्याकडे रुजवलेली जीप याच सीजे घराण्यातली. तिचा घाटातला दम आणि हायवेवरचा आरडाओरडा, दोन्ही या शेतकी आकड्याच्या वळणाचे.

जुन्या जीपच्या मालकांनी एक गोष्ट मात्र मनावर घ्यायलाच हवी. या गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधला डिफरन्शियल नसतो. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. म्हणून दोन्ही ॲक्सलचा रेशो जुळलाच पाहिजे. अमेरिकेतल्या काही जुन्या पिकअपमध्ये पुढे ४.०९ (४५ भागिले ११) आणि मागे ४.११ (३७ भागिले ९) असायचा. एवढा, अर्ध्या टक्क्याचा फरक टायर सहज पोटात घालतात. पण कुणी मागचं हाउसिंग (क्राऊन-पिनियनसकट ॲक्सलची पेटी) बदलताना ५.३८च्या जागी ४.८८चं बसवलं, तर फरक दहा टक्क्यांचा होतो. मागचं चाक ११० मीटर जाऊ पाहतं तेवढ्यात पुढचं १००च. चिखलात चाकं घसरून ही तफावत जिरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, स्टिअरिंग जड होतं, दांडा ओढूनही निघत नाही, आणि शेवटी युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा सांधा), नाहीतर पिनियनचा दात जातो.

तेव्हा जुनी जीप विकत घेताना मागचं चाक मोजून झालं की जॅक पुढे न्या. तिथलंही एक चाक उचला, तोच खडू, तेच दोन फेरे. पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे खटके) असतील तर ते आधी लॉक करा, नाहीतर चाक नुसतंच फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही.