आंघोळीचं पाणी तापवणारा सर्व्हर

संगणकाला दिलेली वीज शेवटी जाते कुठे? हिशेब सुटतो, चित्र उमटतं, निरोप पोहोचतो, पण वीज त्यात साठून राहत नाही. जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. 300 वॉटचा सर्व्हर, म्हणजे इतरांची कामं करत अखंड चालणारा संगणक, आणि 300 वॉटचा हीटर यांतला फरक खोलीच्या हवेला कळत नाही. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जाळताना त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता आधीच निसटलेली असते. उरलेल्यातून झालेली वीज संगणकात पुन्हा उष्णता होते, आणि तीही आपण एसी लावून, म्हणजे आणखी वीज खर्चून, बाहेर फेकतो.

थंड देशांत या उष्णतेला घरात जागा मिळाली. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘डेटा फर्नेस’ची कल्पना मांडली: सर्व्हर एकाच अवाढव्य इमारतीत कोंबण्याऐवजी घरोघरी ठेवायचे आणि घर तापवणाऱ्या भट्टीचं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. फ्रान्सच्या कार्नो कंपनीने खोली तापवणाऱ्या रेडिएटरमध्येच प्रोसेसर बसवले. ब्रिटनमधली हीटा कंपनी घरातल्या गरम पाण्याच्या टाकीला सर्व्हर जोडते. तिथल्याच एक्समथच्या जलतरण तलावाजवळ 2023 मध्ये वॉशिंग मशीनएवढ्या पेटीत, तेलात बुडवलेले संगणक बसले. तलावाचं पाणी 30 अंशांवर ठेवायचं बरंचसं काम ते करतात.

नागपूरचं काय? इथे 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता आणि 23 मे 2013 ला 47.9 वर चढला होता. कडाक्याची थंडी मोजक्या आठवड्यांची, त्यासाठी खोल्या तापवणारी यंत्रणा उभारण्यात अर्थ नाही. पण गरम पाणी लागतंच, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी, अर्थात 860 लिटर पाणी एका अंशाने तापवण्याएवढी उष्णता. चौघांच्या घरात 20 लिटरच्या चार बादल्या, टाकीतलं पाणी 18 अंशांचं, आंघोळीला हवं 40 चं: 80 गुणिले 22, म्हणजे 1,760 किलोकॅलरी, साधारण दोन युनिट. 250 वॉटचा सर्व्हर रात्री दहा तास चालला आणि त्याची 80 टक्के उष्णता पाण्यात उतरवता आली, तर सकाळच्या चारही बादल्या निघतात.

तरीही बंगल्या-बंगल्यात सर्व्हर बसवा असं आम्ही म्हणणार नाही. नागपूरच्या हिवाळ्यात ऊन स्वच्छ असतं. गच्ची मोकळी असेल तर सोलर वॉटर हीटरच स्वस्त पडतो. केवळ पाणी तापवायला संगणक चालवणं तर त्याहून चुकीचं, कारण तेच काम हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, एक तृतीयांश विजेत करतो. जिथे सर्व्हर कामासाठी चालणारच आहेत आणि गरम पाणीही त्याच आवारात लागतं, तिथेच हे जमतं. उष्णतेला लांबचा प्रवास मानवत नाही. शहराबाहेरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातलं गरम पाणी शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीपर्यंत आणायचं तर मधल्या पाइपांचा खर्चच योजना खाऊन टाकेल. वसतिगृह, रुग्णालय, मोठा मेस: जागा अशा हव्यात.

समजा 10 किलोवॉटचा एक रॅक, म्हणजे सर्व्हर रचलेलं कपाट, वसतिगृहाच्या तळमजल्यावर आहे. दिवसभरात त्याची 240 युनिट उष्णता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांवर तांब्याच्या कोल्ड प्लेट बसवून, त्यांतून पाणी खेळवून यातली सुमारे 75 टक्के, म्हणजे 180 युनिट पकडता येतात. मेमरी, पॉवर सप्लाय आणि डिस्क यांची बाकीची उष्णता हवेतच जाते, त्यासाठी पाऊण टनाचा एसी लागतोच. टाकी-पाइपांत 15 टक्के गेले तर उरतात 153 युनिट: माणशी एक बादली धरली तर 300 विद्यार्थ्यांची आंघोळ.

पण हे 153 युनिट सगळ्यांना सकाळी सहा ते आठमध्येच हवे असतात. म्हणजे सरासरी 76 किलोवॉटची मागणी आणि रॅक देतो जेमतेम साडेसात. मधला खड्डा टाकीने भरायचा. सुमारे 5,000 लिटरची, उंच आणि अरुंद, जाड इन्सुलेशनची टाकी घ्यावी. उंच अशासाठी, की गरम पाणी वर आणि थंड तळाशी असे थर टिकले पाहिजेत. आडव्या टाकीत ते मिसळतात आणि मग ना धड गरम, ना धड थंड. परतीचं पाणी जोरात आत सोडलं तरी थर मोडतात, म्हणून त्या तोंडाला पसरट जाळी लावतात.

आता मुख्य गोष्ट. संगणक थंड करायला थंडच पाणी लागतं ही समजूत सोडायला हवी. आयबीएम आणि ईटीएच झुरिच यांनी 2010 मध्ये उभारलेल्या ‘ॲक्वासार’ या महासंगणकात शिरणारं पाणीच सुमारे 60 अंशांचं होतं. चिप 80 अंशांच्या आसपास बिनघोर चालते, त्यामुळे 60 चं पाणीही तिच्यासाठी गारच. नागपूरसाठी यात दुहेरी फायदा आहे. 25 अंशांचं पाणी हवं असेल तर मेमध्ये कॉम्प्रेसरवाला चिलर लावावा लागतो, नाहीतर घरच्या कूलरसारखं पाणी उडवून गारवा आणावा लागतो. एक युनिट उष्णता अशी घालवायला सुमारे दीड लिटर पाणी उडतं. आपल्या एका रॅकला रोज 360 लिटर, तेही टँकरच्या दिवसांत. जुलैत हवा दमट झाली की तेही थंड होत नाही, हे कूलरसमोर घामेजून बसणाऱ्या नागपूरकराला वेगळं सांगायला नको. 60 अंशांचं पाणी मात्र 47 अंशांच्या हवेतही नुसत्या ड्राय कूलरने, म्हणजे गाडीच्या रेडिएटरच्या मोठ्या भावाने, निवतं. शिवाय पावसाळ्यात गार पाइपांवर दव जमून थेंब सर्किटवर पडायची भीती असते. पन्नाशीतल्या पाइपांवर दव जमतच नाही.

म्हणून रॅकमध्ये पाणी 50 अंशांनी शिरावं आणि 60 ने बाहेर पडावं. साडेसात किलोवॉटला त्यासाठी मिनिटाला सुमारे 11 लिटर प्रवाह लागतो. टाकीच्या तळाचं पाणी 25 अंशांचं असलं तरी रॅकला 50 चंच मिळावं, यासाठी थ्री-वे मिक्सिंग वाल्व परतीचं थोडं गरम पाणी त्यात मिसळतो. पंप दोन हवेत, एक बंद पडला की दुसरा आपोआप सुरू होणारा. दोन्ही थांबलेच तर चिप आधी वेग कमी करते आणि मग बंद पडते. ती जळत नाही, पण काम बुडतं.

बहुतेक बिघाड पाण्यामुळे होतात. कोल्ड प्लेटमधल्या खाचा एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार 60 अंशांवर भराभर बसतात आणि त्या खाचा बुजवतात. म्हणून रॅकचं लूप, म्हणजे त्यातून फिरणाऱ्या पाण्याचं वेटोळं, बाहेरच्या पाण्यापासून कायम बंद ठेवायचं: क्षारमुक्त पाणी, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक. त्या लूपमध्ये तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं, तर ती एक बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. स्वस्तातला ॲल्युमिनियम रेडिएटर जोडण्याची चूक इथे महागात पडते. टाकीशी गाठ स्टेनलेस स्टीलच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमार्फतच घालायची: त्यात दोन बाजूंची पाणी मिसळत नाहीत, पत्र्यांतून फक्त उष्णता पलीकडे जाते.

टाकीतलं पाणी थेट नळाला द्यायचं नाही. 20 ते 45 अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया करतो. टाकी फक्त उष्णता साठवते. नळाचं ताजं पाणी 100 किलोवॉटच्या दुसऱ्या एक्स्चेंजरमधून जाता-जाता तापतं. याच एक्स्चेंजरवर क्षार बसणार, म्हणून दोन्ही बाजूंना वाल्व ठेवून तो वर्षातून एकदा सौम्य आम्लाने धुता येईल अशी सोय सुरुवातीलाच करावी. रॅकवर काम कमी असलेल्या रात्रीसाठी टाकीत विजेचं कॉइलही हवं.

मेमध्ये वसतिगृह रिकामं होतं, रॅक चालूच राहतो. रुग्णालयाचं पारडं इथे जड ठरतं: तिथली लाँड्री आणि स्वयंपाकघर बारा महिने चालतं. गच्चीवरच्या टाकीतलं 35 अंशांचं पाणी 55 पर्यंत आणायचं, तर त्याच 153 युनिटमध्ये रोज साडेसहा हजार लिटर निघतं, आणि पुढची वाढ बॉयलरने करायची. तेवढं खपलं नाही आणि उष्णता साठवणाऱ्या टाकीचा तळही 50 च्या वर गेला, की वाल्व आपणहून ड्राय कूलरकडे वळला पाहिजे. तो कूलर पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. उत्तरेच्या सावलीत, भोवती मोकळी हवा सोडून लावावा, कारण मेच्या दुपारी त्याच्या हाताशी तापमानातला फरक असतो जेमतेम 12-13 अंशांचा.