चिपच्या पोटातला पुरावा

दोन उपकरणं तंतोतंत सारखं काम करत असली, तरी एकाने दुसऱ्याचं पेटंट मोडलं असं तेवढ्यावरून म्हणता येत नाही. पेटंटचं संरक्षण असतं ते काम साधण्याच्या विशिष्ट रीतीला, आणि ती रीत बहुधा चिपच्या आत असते. तिथवर पोचायचं तर उपकरण विकत आणून खोलावं लागतं.

चिपवरचं काळं आवरण तीव्र नायट्रिक आम्लाने उतरवतात. खाली सिलिकॉनचा छोटासा तुकडा, त्यावर बारीक धातूच्या जोडण्यांचे एकावर एक थर. एक थर घासून किंवा प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, काढायचा, छायाचित्रं घ्यायची, मग पुढचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. आजच्या ट्रान्झिस्टरचे भाग त्याहून खूप लहान, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. काढलेला थर परत मिळत नाही, त्यामुळे एकाच चिपचे बरेच नमुने हाताशी ठेवतात.

पण माझ्या मते खरी कसोटी प्रयोगशाळेच्या आधीच लागते, पेटंटमधला दावा, म्हणजे नेमकं कशाला संरक्षण आहे ते सांगणारं वाक्य, वाचताना. दाव्यात पाच घटक असतील, तर पाचही दाखवावे लागतात. चारच सापडले, तर पाचव्याच्या तोडीचं काहीतरी तिथे आहे हे पटवावं लागतं, नाहीतर प्रकरण कोसळतं. म्हणून नेमकं कुठे पाहायचं ते आधी ठरवायचं.

पेटंट वस्तूचं नसून बनवण्याच्या प्रक्रियेचं असेल, तर? कारखान्यात काय घडलं ते कुणी पाहिलेलं नसतं. तरीही खुणा उरतात, आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. बॉश कंपनीने 1990च्या दशकात सिलिकॉनमध्ये खोल, सरळ खाचा कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तीत एक वायू सिलिकॉन कोरतो, दुसरा भिंतींवर संरक्षक लेप चढवतो, आणि हे चक्र दर काही सेकंदांनी आलटून पालटून चालतं. प्रत्येक फेरीगणिक भिंतीवर एक अर्धगोल खळगा राहतो. तुकडा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एकाखाली एक खळग्यांची ओळ दिसते. खाच कशी कोरली याची ही ठळक खूण.

सॉफ्टवेअरचं मात्र असं छायाचित्र निघत नाही. तिथे चालू उपकरणाच्या पिनांवरचे संकेत मोजून आतलं वर्तन ताडावं लागतं. कोड सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर बाहेरून मिळालेला हा पुरावा न्यायालयापुढे ठेवायचा आणि आतली कागदपत्रं दाखवण्याचा आदेश मागायचा.